लेस्टरचे गुजराती आणि ब्रॅडफर्डचे मीरपुरी: एवढा फरक का पडला?

निखिल_सिन्नरकर

नमस्कार मंडळी.

सात महिन्यांपूर्वी नोकरीसाठी लेस्टरला आलो. बायको आणि पाच वर्षांची मुलगी सोबत आहेत. घर बेलग्रेव्ह रोडपासून चालत दहा मिनिटांवर. पहिल्याच रविवारी त्या रस्त्यावर गेलो तर सोन्याच्या पेढ्या, साड्यांची दुकानं, ओली हळद, गरम फाफडा, ब्लाऊज शिवणारे शिंपी. दुकानदार बहुतेक गुजराती. पण गप्पा सुरू झाल्या की कळतं, कोणी कंपालाचा, कोणी जिंजाचा, कोणी नैरोबीचा, म्हणजे युगांडा-केनियातला.

गेल्या महिन्यात कामासाठी तीन दिवस ब्रॅडफर्डला होतो. टॅक्सीवाला मूळचा मीरपूरचा, म्हणजे पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमधला. मी भारतातून आलोय म्हटल्यावर त्यानं भाड्यातले दोन पौंड परत दिले. मोठ्या मनाचा माणूस. पण वस्ती बघून जीव कासावीस झाला. बंद पडलेल्या गिरण्या, फळ्या ठोकलेली दुकानं, भर दुपारी कोपऱ्यावर उभी असलेली विशीतली पोरं.

परत आल्यावर आमच्या मराठी ग्रुपवर हे लिहिलं आणि वाद पेटला. एकानं लिहिलं, "युगांडावाले नेसत्या वस्त्रांनिशी आले आणि आज बघा कुठं आहेत. ते दुसरे त्यांच्याही आधी आले, तेही बघा कुठं आहेत." मग सगळे धर्मावर घसरले. मला ते पटलं नाही, पण उलट काय म्हणावं तेही सुचलं नाही. दोन्ही समाज आपल्याच उपखंडातले, एकाच देशात आले, काळही साधारण तोच. मग फरक एवढा का? दोन्हीकडे राहून ज्यांनी पाहिलंय त्यांनी कृपया लिहावं.

अ_देशपांडे

निखिल, मी १९९८ पासून या देशात आहे. माझे दोन्ही बाजूंचे शेजारी पूर्व आफ्रिकेतले गुजराती. पहाटे पाचला दुकान उघडायचे, रात्री आठला बंद. मुलांपैकी दोघं फार्मसिस्ट, एक अकाउंटंट, एक दातांची डॉक्टर. शिक्षणाची ओढ, काटकसर आणि कष्ट. दुसऱ्या समाजात मुलगी सोळाची झाली की गावी नेऊन लग्न लावतात, मुलगा टॅक्सीवर बसतो. शेवटी संस्कारांचाच प्रश्न आहे. कोणाला दुखवायचं नाही, जे पाहिलं ते लिहिलं.

परळची_वैशाली

निखिल, देशपांडेकाका, मी २००२ ते २०१६ ब्रॅडफर्डच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवलं आणि तेव्हापासून लेस्टरमध्ये शिकवते आहे. दोन्हीकडच्या पालकांच्या घरी बसून चहा प्यायले आहे. लांबलचक लिहिणार आहे, सवडीनं वाचा.

आधी ते "नेसत्या वस्त्रांनिशी". ४ ऑगस्ट १९७२ ला युगांडाचा हुकूमशहा इदी अमीननं जाहीर केलं की ब्रिटिश पासपोर्टवाल्या आशियाई लोकांनी नव्वद दिवसांत देश सोडायचा. सुमारे अठ्ठावीस हजार माणसं ब्रिटनला आली. बरोबर जेमतेम पन्नास पौंड न्यायची मुभा होती. दुकानं, घरं, गाड्या, बँकेतली खाती सगळं मागं राहिलं. काही घरांत नवऱ्याकडे एक पासपोर्ट, बायकोकडे दुसरा. नवरा युरोपातल्या निर्वासित छावणीत आणि बायको-मुलं इथं, अशी ताटातूट झाली. इथं स्वागत काय झालं? लेस्टरच्या नगरपालिकेनं त्याच सप्टेंबरात 'युगांडा आर्गस' या वर्तमानपत्रात जाहिरात दिली की आमच्याकडे घरं, शाळा, दवाखाने भरून गेलेत, तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या हितासाठी इकडे येऊ नका. लोक तरी आले. कारण केनियातून आलेले त्यांचे मामा-काका चार-पाच वर्षं आधीच इथं येऊन राहिले होते. म्हणजे त्यांचं जे गेलं ते खरंच गेलं, त्यात कुठंही अतिशयोक्ती नाही.

आता जे गेलं नाही ते सांगते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजी, वय ऐंशीच्या पुढे, सगळे त्यांना मोटीबा म्हणतात. एकदा त्यांनी कपाटातून लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट चोपडी काढून माझ्यापुढे ठेवली. दोऱ्यानं बांधलेली. पहिल्या पानावर वर "श्री", खाली जानेवारी १९७५. डावीकडे जमा, उजवीकडे उधार, सगळे आकडे गुजराती. दूध, पाव, वर्तमानपत्रं, सिगारेटी. समासात प्रत्येक घाऊक व्यापाऱ्याचं नाव आणि त्यानं किती दिवसांची उधारी दिली आहे तो आकडा. एका नावापुढे "२१ दिवस" खोडून "३०" केलेलं होतं. मोटीबा त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, हे तीस दिवस मिळवायला मला दीड वर्ष लागलं. जिंजात त्यांचं वाण्याचं दुकान होतं आणि हिशोब लग्नानंतर सासूनं शिकवलेला. इथं आल्यावर दोन वर्षं त्यांनी होजिअरीच्या कारखान्यात ओव्हरलॉकच्या मशीनवर काढली, नवरा दुसऱ्या कारखान्यात. दोन पगार साठवले, नातेवाइकांच्या भिशीचा नंबर लागला आणि बेलग्रेव्हमधलं एक बंद दुकान स्वस्तात भाड्यानं घेतलं. "धंधो तो एज हतो," म्हणाल्या. धंदा तोच होता.

म्हणजे यातलं काय काय विमानात बसून आलं ते मोजा. हिशोब येणारी सून. इंग्रजी शाळेत शिकलेला नवरा, कारण युगांडात राज्य इंग्रजांचं होतं. शाळेत जाणारी मुलं. उधारी म्हणजे काय ते कळणारे नातेवाईक. आणि सगळं कुटुंब एकदम, आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत. बाई पहिल्या महिन्यापासून कमावती. या बायका नुसत्या राबल्या नाहीत, लढल्यासुद्धा. १९७४ ला लेस्टरच्या इम्पिरियल टाइपरायटर्समधला संप, १९७६ ला लंडनमध्ये ग्रनविकला जयाबेन देसाईंनी उभा केलेला संप, दोन्ही ठिकाणी पूर्व आफ्रिकेतून आलेल्या आशियाई बायका पुढे होत्या. आणि परतीची वाट बंद होती. गावी पाठवायला गावच उरलं नव्हतं, त्यामुळे कमावलेला पौंड इथंच दुकानात, घरात, मुलांच्या शिक्षणात घातला गेला.

आता मीरपूर. इथं मला जरा माझ्या घरचं सांगावं लागेल.

माझे वडील जावळी तालुक्यातले. कोयनेचं धरण झालं, शिवसागराचं पाणी चढलं, त्यात आमचं गाव गेलं. तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. जमीन गेली म्हणून मुंबईला आले, परळला गावकीच्या खोलीत राहिले. एका खोलीत अठरा-वीस माणसं, जेवण खानावळीत, झोपायची वळकटी पाळीप्रमाणे. तिसऱ्या पाळीचा माणूस सकाळी आला की पहिल्या पाळीवाल्याची जागा त्याची. तीन वर्षं बदली कामगार म्हणून काढली, मग कापडगिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर, कायम झाले.

ब्रॅडफर्डला पहिल्या वर्षी एका विद्यार्थ्याचे आजोबा भेटले. त्यांनी आपली हकीकत सांगायला सुरुवात केली आणि पुढचं वाक्य काय येणार ते मला आधीच कळत होतं. मीरपूरजवळ झेलमवर मंगला धरण बांधलं, १९६७ ला पुरं झालं. एक लाखाहून जास्त माणसं उठली, जुनं मीरपूर शहर आणि शेकडो गावं पाण्याखाली गेली. हिवाळ्यात पाणी ओसरलं की जुने दर्गे आणि एक देऊळ अजूनही वर येतं, आपल्या उजनीत पळसनाथाचं देऊळ दिसतं तसं. धरणाआधीच तिथले काही लोक इंग्रजी बोटींवर खलाशी म्हणून जायचे, त्यामुळे वाट माहितीची होती. धरणानंतर ती वाट हमरस्ता झाली. ब्रॅडफर्डच्या लोकरगिरण्यांत नवी यंत्रं आली होती, ती चोवीस तास चालली तरच परवडायची, आणि कायद्यानं बायकांना रात्रपाळी देता येत नव्हती. गोऱ्या पुरुषांना ती नको होती. ती रात्रपाळी मीरपुरी शेतकऱ्यांनी केली. एका घरात पंधरा-वीस पुरुष, पलंग पाळीप्रमाणे. सुरुवातीला दोन-चार वर्षं कमवून परत जायचं आणि आपल्या जागी भाऊ पाठवायचा, अशी रीत होती. १९६२ च्या इमिग्रेशन कायद्यानं ये-जा अवघड केली. गेलो तर परत येता येणार नाही म्हणून माणसं इथंच राहिली, आणि बायका-मुलं त्यांच्यामागून दहा-पंधरा वर्षांनी आली. रात्रपाळीत आजूबाजूला सगळे आपल्याच गावचे, मुकादमसुद्धा. इंग्रजी शिकायची वेळ कधी येणार?

आणि मग गिरण्या बंद पडल्या. सत्तरीच्या शेवटापासून दहा वर्षांत ब्रॅडफर्डचा लोकरधंदा बसला. मॅनिंगहॅमची ती उंच धुराड्याची लिस्टर मिल १९९२ ला संपली, आता तिथं फ्लॅट आहेत. आपल्याकडे फिनिक्सचा मॉल झाला तसंच. लेस्टरचा होजिअरीचा धंदाही घसरला, पण तिथं बुटांचे कारखाने होते, यंत्रांचे होते, दुकानदारी होती, लंडन रेल्वेनं जवळ होतं. ब्रॅडफर्डच्या माणसाकडे एकच पेटी होती आणि तीच बुडाली.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. अडीच लाख कामगार. वडील पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. आईनं पोळ्या लाटून द्यायची कामं घेतली, थोरला भाऊ दहावीनंतर सिक्युरिटीत लागला. आमच्या चाळीतल्या किती हुशार पोरांनी वडापावच्या गाड्या लावल्या, किती जण भलत्या संगतीला लागून वाया गेले, ते मोजवत नाही. तेव्हा शहाणीसुरती माणसं काय म्हणायची? "मराठी माणसाला धंदा जमत नाही. त्याला कष्टाची सवय नाही." वीस वर्षं गिरणीत राबलेल्या माझ्या बापाला हे ऐकवलं जायचं. काका, तुमच्या मनात काही वाईट नाही हे मला माहीत आहे. पण ब्रॅडफर्डच्या लोकांबद्दल "संस्कार" हा शब्द ऐकला की मला आमच्या चाळीच्या गॅलरीत उभे असलेले वडील दिसतात.

आता थोडे आकडे, निखिल. २०१८ चे तासाचे सरासरी पगार, म्हणजे बरोबर मधल्या माणसाचे: भारतीय मूळ १३.४७ पौंड, गोरे ब्रिटिश १२.०३, पाकिस्तानी मूळ १०, बांगलादेशी मूळ ९.६०. फरक खरा आहे. तो मी लपवणार नाही. स्वतःच्या घरात राहणारे, २०१६ ते २०१८ चे इंग्लंडचे आकडे: भारतीय ७४ टक्के, गोरे ब्रिटिश ६८, पाकिस्तानी ५८, बांगलादेशी ४६. आता एक पाहा. एवढ्या कमी पगारावर ५८ टक्के पाकिस्तानी कुटुंबांनी घर घेतलंय. म्हणजे काटकसर नाही हे खोटं. त्यांच्यातही भिशी असते, 'कमेटी' म्हणतात. तशीच दरमहा, तशीच चिठ्ठी. मोटीबांच्या भिशीतून दुकान निघालं. ब्रॅडफर्डच्या कमेटीतून गिरणीजवळचं ओळीतलं छोटं घर निघालं, मग गावी भावाला खोली, मग बहिणीचं लग्न. गिरण्या बंद झाल्यावर त्या घरांच्या किमती वर्षानुवर्षं जागच्या हलल्या नाहीत.

आणि धर्माचं म्हणत असाल तर ब्लॅकबर्नला, बॅटलीला, ड्यूज्बरीला जाऊन या. तिथं भरूच-सुरतकडचे गुजराती मुसलमान आहेत. मोटीबांचीच भाषा, तेच खमण, तेच हांडवो. पण ते खेड्यातून थेट गिरणीत आले, आणि गिरणी गेल्यावर त्यांच्या पोरांची गत ब्रॅडफर्डसारखीच झाली. सरकारी तक्त्यात ते "भारतीय" या रकान्यात बसतात म्हणून कोणाला दिसत नाहीत. उलट युगांडातून आलेले खोजा इस्माइली, तेही मुसलमानच, त्यांनी मोटीबांसारखीच दुकानं थाटली आणि मुलं डॉक्टर केली. माझ्या लेखी या दोन उदाहरणांत तुमच्या ग्रुपच्या वादाचं उत्तर आहे.

डॉ_मेघना_पूर्वलंडन

वैशालीताई, वाचून गलबलून आलं. माझं माहेर चिंचपोकळीचं.

मी पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे, माझे निम्मे पेशंट सिल्हेटी, बांगलादेशातल्या सिल्हेटकडचे. तुमच्या तक्त्यात सगळ्यात खाली जे बांगलादेशी आहेत, त्यांच्याबद्दल लिहायलाच हवं, कारण इथं गोष्ट वेगळ्या वळणानं गेली.

सिल्हेटी लोकही खेड्यातलेच, शेतकरी, आधी बोटींवरचे खलाशी. ब्रिक लेनला शिलाईच्या कारखान्यांत आणि हॉटेलांच्या मोऱ्यांमध्ये कामाला लागले. ४ मे १९७८ ला अल्ताब अली हा पंचवीस वर्षांचा शिलाई कामगार कामावरून घरी जाताना रस्त्यात मारला गेला, वर्णद्वेषातून. आज त्याच्या नावाची बाग आहे, मी रोज तिच्यावरून जाते. ब्रिक लेनची मशीद आधी फ्रेंच प्रोटेस्टंट निर्वासितांचं प्रार्थनाघर होती, १७४३ चं बांधकाम. मग मेथडिस्टांची झाली, मग ज्यूंचं सिनेगॉग, आणि १९७६ पासून मशीद. जो तो इथं गरीब म्हणून आला.

१९९७ मध्ये इथल्या शाळा देशातल्या १४९ शिक्षण विभागांत १४९ व्या क्रमांकावर होत्या. तळाला. मग पैसा आला, चांगले मुख्याध्यापक आणले गेले, शाळांनी वस्तीतल्या बायकांना वर्गात मदतनीस म्हणून घेतलं, २००३ पासून सगळ्या लंडनच्या शाळांसाठी मोहीम निघाली. आज सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत बांगलादेशी मुलांची सरासरी गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या पुढे आहे. घर तेच, आईचं इंग्रजी तसंच तोडकं, नमाज तोच. शाळा बदलली, आणि ट्रेनमध्ये बसून पंधरा मिनिटांत नोकऱ्यांचं शहर होतं.

पण पगार अजून मागं आहेत, विशेषतः आधीच्या पिढीचे. हॉटेलात तीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाचे गुडघे, साखर आणि हृदय रोज माझ्या टेबलासमोर असतात. मुलगी वकील झाली म्हणून बापाची पेन्शन वाढत नाही.

अ_देशपांडे

वैशाली, मेघना, दोघींचं वाचलं. गिरणीबद्दल जे लिहिलंस ते मनाला लागलं. माझा शब्द चुकला असेल. पण एक प्रामाणिक प्रश्न विचारतो, राग मानू नकोस. गावाकडे नेऊन चुलतभावाशी लग्न लावणं, मुलीची शाळा तोडणं, हे काही धरणानं किंवा गिरणीमालकानं करायला लावलं नाही. याची जबाबदारी समाजाची नाही का?

परळची_वैशाली

राग कसला काका, प्रश्न योग्य आहे. आणि उत्तर "आहे" असंच आहे. माझ्या वर्गातून तीन मुली अशा गेल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जातो म्हणून गेल्या आणि सप्टेंबरात त्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. त्यातली एक समीकरणं अशी सोडवायची की मी फळ्यावर पायरी लिहायच्या आत तिचं उत्तर तयार. तिच्या घरी मी दोनदा जाऊन आले. आईनं दार उघडलं, चहा दिला, डोळ्यांना पदर लावला, आणि काही बोलली नाही. त्या मुलीचं जे झालं ते मी धरणाच्या आड लपवणार नाही.

पण ती रीत एवढी टिकून का राहिली तेही बघा. गावातली जमीन गेली, घरं विखुरली, मग नात्याची गाठ सोडायची नाही हाच आधार उरला. त्यात ब्रिटनचा पासपोर्ट असलेली मुलगी म्हणजे भावाच्या मुलाला बाहेर काढायची एकच वाट. भावाला नाही म्हणणं बिरादरीत फार जड जातं. आपल्याकडेही मामाची मुलगी करायची रीत आहेच, माझ्या सख्ख्या आत्याच्या घरी दोन पिढ्या तसंच झालंय. आणि याची किंमत पैशातही मोजावी लागली. प्रत्येक पिढीत एक पालक नव्यानं गावाहून येतो, इंग्रजी पुन्हा पहिल्या धड्यापासून. लेस्टरला माझ्या वर्गातल्या मुलांचे आई-वडील दोघंही इथल्या शाळेत शिकलेले असतात, गृहपाठ घरी तपासला जातो. ब्रॅडफर्डला तो अर्धाच आधार होता.

हे बदलतंय. ब्रॅडफर्डच्या रुग्णालयात २००७ ते २०१० मध्ये सुमारे साडेबारा हजार गरोदर बायकांची नोंद करून त्यांच्या मुलांचा पाठपुरावा सुरू झाला, 'बॉर्न इन ब्रॅडफर्ड' नावानं. तेव्हा पाकिस्तानी मूळच्या आयांपैकी सुमारे साठ टक्क्यांचं लग्न नात्यातलं होतं. दहा वर्षांनी नव्या आयांची नोंद घेतली तेव्हा ते प्रमाण निम्म्याच्या खाली आलं होतं. मुली शिकल्या तसं ते घटलं. कोणी बाहेरून येऊन भाषण दिलं म्हणून नव्हे.

एक पालकसभा माझ्या कायम लक्षात राहिली आहे. नोव्हेंबर महिना, बाहेर पाऊस. एक टॅक्सीवाले वडील आले, गाडीची किल्ली मुठीत, कारण सात मिनिटांत पुढचं भाडं होतं. मी हिंदीत बोलले, ते त्यांच्या पहाडीत आणि उर्दूत. मुलगा कच्चा होता, त्याच्याबद्दल बोलून झालं. मग ते म्हणाले, बाई, मी बारा वर्षांचा असताना इथं आलो, वर्गात मागं बसवलं, एक अक्षर कळायचं नाही. सोळाव्या वर्षी शाळा सोडली तेव्हा अब्बांची गिरणी बंद. मी विचारलं, साल कोणतं? म्हणाले, एटी-टू. मला पुढं बोलताच येईना. त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. रोजच्या फेऱ्यांचा हिशोब, मैल, पेट्रोल, भाडं, बारीक अक्षरात तीन रकाने. त्यातल्या एका रकान्याची बेरीज त्यांनी माझ्यासमोर तोंडी करून दाखवली, पैशापर्यंत बरोबर. म्हणाले, मुलगा माझ्यावर गेला नाही, पण धाकटी गेली आहे. तिला जरा वरच्या तुकडीत घाला.

घातली. तिनं पुढं ब्रॅडफर्ड विद्यापीठातून फार्मसी केली, घरीच राहून, कारण वसतिगृहाला वडील तयार नव्हते आणि तिलाही ते नकोच होतं. आता हडर्सफील्डजवळ एका औषधाच्या दुकानात आहे. दुकानाचे मालक कंपालाचे पटेल.

निखिल_सिन्नरकर

ताई, मेघनाताई, काका, सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रुपवर आता काय लिहायचं ते कळलं.

एक राहिलंच. आमच्या खालच्या घरात एक कुटुंब आहे, ते पण गुजराती बोलतं, पण मूळचे दीवचे. पासपोर्ट पोर्तुगालचा. नवरा-बायको दोघं शिलाई कारखान्यात, आठवड्याला साठ-साठ तास. त्यांची हालत बघितली तर बेलग्रेव्ह रोडवाल्यांशी काही संबंध वाटत नाही. हे कसं?

परळची_वैशाली

निखिल, दीव-दमण आणि गोवा १९ डिसेंबर १९६१ ला भारतात आले. त्याआधी तिथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. तो पासपोर्ट घेऊन, ब्रिटन युरोपीय संघात होतं तोवर हजारो माणसं इकडे आली. गोव्याचे बरेचसे स्विंडनकडे गेले, दीव-दमणचे लेस्टरला. यातले पुष्कळ जण मच्छीमार, गवंडी, मजूर. भाषा गुजराती, घरात देवघर, दिवाळीला बेलग्रेव्ह रोडवर तेही दिवे बघायला जातात. पण हाताशी इंग्रजी नाही आणि मोटीबांसारखी चोपडी नाही. लेस्टरच्या काही शिलाई कारखान्यांत किमान वेतनापेक्षा कमी मजुरी दिली जाते ही गोष्ट २०२० मध्ये देशभर गाजली होती. राबवणारे आणि राबणारे, पुष्कळदा दोघंही आपलेच.

त्या घरात शाळेत जाणारी मुलं असतील तर एक काम कर. शाळेत मोफत जेवणाचा अर्ज त्यांनी भरलाय का ते विचार. पुष्कळ जण इंग्रजी फॉर्म बघून भरतच नाहीत, आणि पात्र मुलांमागे शाळेला जो जादा निधी मिळतो तोही मग बुडतो. तुला जमत नसेल तर शनिवारी दुपारी मी बेलग्रेव्हच्या लायब्ररीत असते, त्यांना घेऊन ये. पगाराच्या शेवटच्या तीन पावत्या आणायला सांग. पावत्या मिळतच नसतील तर तेही सांग, मग बोलू.